डबीचा दोरा सोडू नको

निलंगा
शुक्रवार, १६ मे २०२५

ती. राजकन्या अक्कास,

भीमाशंकरचा नमस्कार. इकडे आईची तब्येत बरी आहे. उन्हाळ्यात तिचा गुडघा कमी दुखतो, म्हणून सकाळीच नीलकंठेश्वराला जाऊन येते. मीही ठीक आहे, वेळेवर जेवतो. प्रेसमध्ये लग्नसराईची गर्दी आहे. काल एका पत्रिकेत नवरदेवाच्या मामाचं नावच राहिलं होतं, ते मी छपाईला जायच्या आधी पकडलं. मालक म्हणाले, "भीम्या, तू नववीत शाळा सोडली ते लई बरं झालं. न्हाईतर मास्तर झाला असता, अन् आमाला कोन भेटलं असतं?"

निलूची शुगर आज सकाळी किती होती? नाश्त्याला काय खाल्लं, किती खाल्लं, एवढं कळव. नुसतं "बरी आहे" लिहू नको.

निलंगा ते लातूर दीड तासाचा रस्ता, आणि हा कागद काय काळा करतोय, असं तुला वाटेल. पण दाजींनी हॉस्पिटलच्या जिन्यात मला सांगितलं आहे, "तुझा फोन माझ्या घरात वाजायला नको." त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. शिवाय फोनवर माझी जीभ अडकते. कागदावर चुकलं तर खोडता येतं. हे पत्र आपल्या गल्लीतला हरिओम आणेल. तो हल्ली लातूर गाडीवर कंडक्टर आहे. तुझ्या पिको-फॉलच्या दुकानात तुझ्याच हातात द्यायचं, असं मी त्याला तीनदा बजावलं आहे. तो म्हणाला, "पत्र हाय का बाँब हाय रे?"

बुधवारी हॉस्पिटलातून फोन लावला तेव्हा तू मला एकच विचारलंस, "एवढ्या मोठ्या पार्कात माझ्या लेकराला खायला काहीच मिळालं नाही का रे?" आता सगळं क्रमाने लिहितो.

पार्कात नेण्याचं वचन मीच दिलं होतं, हे खरं. एक वर्ष इन्सुलिनची सुई घेताना रडली नाही तर हैदराबादच्या मोठ्या पार्कात नेईन, असं मी म्हणालो, आणि पोरगी खरंच रडली नाही. आठ वर्षांचं लेकरू दिवसातून चार वेळा टोचून घेतं आणि तोंडातून आवाज काढत नाही. मग मला मागे कसं फिरता येणार? धाकट्याच्या तापामुळे तुला येता आलं नाही. दाजी नको म्हणत होते. मी म्हणालो, "मी आहे ना."

मी तयारी केली नव्हती असं समजू नको. मार्चमध्ये नांदेडच्या वॉटरपार्कला तिला मुद्दाम नेऊन आणलं, सरावासाठी. तिथे फक्त वडापाव आणि अंडा भुर्जीची गाडी होती, पण गेटवरच्या माणसाने डबा आत नेऊ दिला, म्हणून काम भागलं. हैदराबादच्या पार्कात मी आधी तीन वेळा फोन केला. शाकाहारी मिळतं का, विचारलं. मिळतं म्हणाले. तवा वेगळा आहे का, विचारलं. फोनवरचा माणूस म्हणाला, "तवा एकीच है भाई, धो लेते." मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो वैतागला, "तुमे खेलने आरे या तवा देखने आरे?"

म्हणून तू दिलेला डबा मी छातीशी धरून नेला. सहा दशम्या, तुझ्या सासूबाईंच्या, अव्वांच्या हातची शेंगाची चटणी, भात वेगळा, दही वेगळं. गेटवर त्यांनी तो ठेवून घेतला. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही म्हणाले. मी डॉक्टरांचा कागद दाखवला. त्यांनी सुईची पिशवी आणि ग्लुकोजचं पाकीट नेऊ दिलं, डबा नाही. मी तिथेच अडून उभा राहिलो, अक्का. निलू मात्र माझा हात ओढत होती. "मामा, डबा जाऊ दे ना. चल ना."

निलूचं खाणं तुला माहीत आहे. भाताला दही आधीच लागलेलं चालत नाही. दशमीची कड काळी झालेली चालत नाही. अंड्याचा वास तिला दहा हातांवरून येतो. सकाळी पाळणे झाले, मग पाण्याच्या लाटांचा तलाव झाला. साडेबाराला मी तिला बाहेर काढलं. शुगर ११८. मोठ्या जेवणघरात रांगेत उभे राहिलो. वरण-भाताचं ताट हातात आल्यावरच मी सुई दिली, तू सांगितलंस तसं. चार युनिट. एक वाजून दहा मिनिटं. वहीत लिहिलेलं आहे.

मग मी पाहिलं तर वाढणारा अंडाकरीचा डाव वरणात घालत होता. मीच ताट बाजूला ठेवलं.

पुढच्या दुकानात पिझ्झा होता. ती म्हणाली, "रबरासारखं हाय." त्याच्या पुढे इडली. इडली तरी खाईल म्हणून मी पळत आणली. तिने मान हलवली. मग दही-भात मिळाला, पण त्यात मोहरी होती. मी बाकावर बसून नखाने मोहरी काढली. तेवीस दाणे निघाले. तिने मान हलवली. केळं आणलं, नको. मोसंबीचा रस आणला, नको. सुई पोटात गेलेली होती आणि माझ्या हातात चार दुकानांचं खाणं होतं. एक पन्नासला शुगर ६४ झाली. दोन वाजून पाच मिनिटांनी ५१. तिच्या कपाळावर घाम आला. मी ग्लुकोज कालवून तोंडाला लावलं, तर तिने दात आवळून धरले. पाणी हनुवटीवरून खाली आलं. आजूबाजूला लोक पाळण्यात ओरडत होते. मला वाटलं, ते माझ्यावरच ओरडतात.

शेवटी तिने दोन घोट घेतले, आणि मग मान टाकली. मी उरलेली पूड तिच्या गालाच्या आतून चोळली, तू शिकवल्याप्रमाणे. पुढचं तुला माहीत आहे. रात्रभर सलाईन. गुरुवारी दुपारी दाजी आले आणि तिला लातूरला घेऊन गेले.

तिच्या गळ्यातल्या डबीतून लिंग पडलं होतं, मग ते सापडलं, हे निलूने दाजींना सांगितलंच. त्यात विशेष काही नाही. हॉस्पिटलात नर्सबाई डबी काढायला निघाल्या, तेव्हा मी त्यांना माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, की आम्ही लिंगायत आहोत, बाळ जन्मलं की स्वामी त्याला लिंग देतात, ते जन्मभर अंगावर ठेवायचं असतं, काढू नका. बाई चांगली होती. तिने डबीवर पट्टी चिकटवली.

एक छोटी गोष्ट राहिली. त्या डबीचं झाकण आता नीट बसत नाही. म्हणून मी पांढऱ्या दोऱ्याने सात वेढे देऊन बांधलं आहे. तू तो दोरा सोडू नको. अव्वांनाही सोडू देऊ नको. सोमवारी पूजेला डबी उघडता हे मला माहीत आहे. या सोमवारी राहू दे. वरूनच विभूती लाव.

दाजींना माझा नमस्कार सांगू नको. आत्ता नको.

तुझा धाकटा भाऊ,
भीमाशंकर


निलंगा
रविवार, १८ मे २०२५, दुपार

ती. अक्कास,

तुझी चिठ्ठी हरिओमने काल संध्याकाळी दिली. पाच ओळी आहेत. मी त्या इतक्यांदा वाचल्या की घडीवर कागद फाटायला आला.

तू लिहिलंस, निलू प्रत्येक घासाआधी गळा चाचपते. डबी हाताला लागली तरच तोंड उघडते. शुक्रवारी अंघोळीच्या वेळी दोरा भिजू नये म्हणून डबी खुंटीला होती, तर तिने दूधसुद्धा घेतलं नाही, आणि सुई झालेली होती. तू लिहिलंस, दाजी अव्वांवर एवढे ओरडले की शेजारी दारात आले. "तुझ्या सोवळ्यापायी पोरगी मेली असती," असं ते आपल्या आईला म्हणाले. सोमवारी सकाळी ते अव्वांना किल्लारीला धाकट्या दिरांकडे सोडणार. आणि शेवटच्या ओळीत तू लिहिलंस, अव्वा म्हणतात, "बोलले असंन मी. म्हातारपणी काय ध्यानात ऱ्हातं?"

अक्का, ही शेवटची ओळ मी तशीच राहू देऊ शकत नाही.

शुक्रवारच्या पत्रात मी खोटं लिहिलं नाही. पण सगळं लिहिलं नाही. पत्रिकेत एक नाव राहिलं तर मला झोप येत नाही, आणि तुझ्या पत्रात मी जे राहू दिलं ते मुद्दाम राहू दिलं. आता पुन्हा क्रमाने लिहितो. तुला राग आला तर थांब, थोड्या वेळाने वाच, पण आजच वाच.

लाटांच्या तलावात उतरायच्या आधी तिथल्या माणसाने गळ्यातलं सगळं काढायला सांगितलं. मी निलूला म्हणालो, डबी माझ्याकडे दे, मी कपाटात ठेवतो. ती नको म्हणाली. "अंगावरून काढायचं नसतं, मामा." मग मी त्या माणसाला विनवलं, डबीचा दोरा दोन गाठींनी आवळला आणि तिथल्या भाड्याच्या नायलॉनच्या कपड्याला पिन लावली. तरी मला भीती वाटत होती. तुला माहीत आहे माझी भीती. कुलूप लावल्यावर मी चार वेळा ओढून बघतो. तसं मला वाटलं, पिन पुरे नाही, गाठ पुरे नाही, पोरीने स्वतः हाताने धरून ठेवलं पाहिजे. म्हणून मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसलो आणि म्हणालो:

"निलू, हे घट्ट धर. हे पडलं तर परत सापडेपर्यंत घास गिळायचा नसतो. पाणीसुद्धा न्हाई. गिळलं तर लई मोठं पाप लागतं."

हे मी म्हणालो. अव्वा नाही. मी.

ती म्हणाली, "किती दिवस?"

मी म्हणालो, "सापडेपर्यंत."

तिने डोळे मोठे केले आणि डबी मुठीत धरली. मला बरं वाटलं. आता पडणार नाही, असं वाटलं. अक्का, खरं सांगतो, मला बरं वाटलं होतं.

अव्वा तिला काय म्हणतात ते मी स्वतः ऐकलं आहे. दिवाळीत तुझ्याकडे होतो तेव्हा निलूची शुगर उतरली होती आणि ती पूजेला बसायचा हट्ट धरून होती. अव्वांनी तिच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला आणि म्हणाल्या, "आधी खा गं माय. देव काय पळून चाललाय व्हय?" त्या बाईला दाजी किल्लारीला सोडणार. आणि ती म्हणते, बोलले असेन मी.

मला हे कुणी शिकवलं, ते तुला आठवत असेल. मी सात वर्षांचा होतो. रामकिशन काकांच्या विहिरीवर पोहताना माझं लिंग पाण्यात पडलं, तेव्हा आपल्या आप्पांनी मला ओसरीवर बसवलं आणि हेच वाक्य म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी गाळातून ते निघेपर्यंत मी तिथेच होतो. तू परकराच्या ओच्यात गूळ-शेंगा लपवून आणल्या होत्यास. मी खाल्ल्या नाहीत. तू रडलीस, तरी खाल्ल्या नाहीत. त्याचा मला पुढे अभिमान वाटायचा. आता वाटतं, ती भीतीच होती, आणि मी ती अठरा वर्षं जपून ठेवली आणि नेमकी निलूच्या हातात दिली.

लाटांमध्ये डबी तुटली नाही, पिनही निघाली नाही. डबीचं झाकण उघडलं आणि आतलं लिंग गेलं. निलूला ते पाण्यातच कळलं. बाहेर आल्यावर तिने रिकामी डबी मुठीत धरली होती आणि मूठ सोडत नव्हती. मला वाटलं, थंडी वाजते आहे. मी टॉवेल गुंडाळला. मी विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "काही न्हाई." तिला वाटलं, मामा रागवेल. मग मी सुई दिली. शुक्रवारी मी लिहिलं, की अंड्याचा डाव पाहून मीच ताट बाजूला ठेवलं. तो डाव खरा आहे. पण त्याआधीच तिने मान फिरवली होती.

ती एकेका गोष्टीला नावं ठेवत गेली आणि मी पळत राहिलो. रबर आहे, वास येतो, मोहरी आहे. तिला मला खरं कारण सांगायचं नव्हतं आणि मला तिचे नखरे माहीत होते, त्यामुळे मला सगळं पटत गेलं. इडली नको म्हणाली तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. निलूने इडलीला कधी नाही म्हटलं आहे? पण मी मोहरी काढत बसलो. तेवीस दाणे. तेवढ्या वेळात मी एकदा तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं असतं तर!

ग्लुकोज तोंडाला लावलं आणि तिने दात आवळले, तेव्हा मी पहिल्यांदा ओरडलो. "निलू, पी! मरशील!" असा शब्द मी उच्चारला. तेव्हा तिने मूठ उघडली. डबी रिकामी होती. ओठ थरथरत होते, तरी ती म्हणाली, "मामा, तू शोधून आन. तवर मी थांबते."

तवर मी थांबते, म्हणाली, अक्का. डोळे मिटत होते तिचे.

त्या तलावात हजार माणसं होती. मी शर्टात हात घातला. माझी डबी उघडली. माझं लिंग काढलं आणि तिच्या डबीत घातलं. ते मोठं होतं, झाकण बसेना. मी ते बोटाने दाबून धरलं आणि तिच्या गळ्यावर ठेवलं आणि म्हणालो, "सापडलं, निलू. हे बघ."

"कुठं होतं?"

"टॉवेलात अडकलं होतं."

तिने हात लावून पाहिलं, जड लागलं. मग तोंड उघडलं. ते दोन घोट तिने घेतले ते त्याच्यावर.

हॉस्पिटलात नर्सबाई बाहेर गेल्यावर मी झाकणावर दोरा गुंडाळला. आपलं लिंग दुसऱ्याला द्यायचं नसतं, हे मला माहीत आहे. लेकराला फसवू नये, हेही माहीत आहे. त्या वेळी मला फक्त ५१ हा आकडा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी दाजी आले. निलू पलंगावर बसून त्यांना सांगत होती, "लिंग नसताना जेवायचं नसतं, पप्पा." दाजींनी विचारलं, "कुणी सांगितलं तुला हे?" निलूने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, नाव घेतलं नाही. ती मला वाचवत होती, एवढीशी पोर. आणि मी सलाईनच्या बाटलीकडे बघत होतो. थेंब मोजत होतो. दाजीच म्हणाले, "आईनं सांगितलं असणार. दुसरं कोन?" मी चौदा थेंब मोजले आणि त्यांना तसंच समजू दिलं.

दाजींची मला भीती वाटते, हे एक कारण. पण खरं कारण वेगळं आहे. मला वाटलं, तू मला पुन्हा निलूला हात लावू देणार नाहीस.

काल चिठ्ठी वाचल्यावर मी सरळ मलप्पा स्वामींकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं, अव्वांचं आणि ते वाक्य कुणाचं, एवढं सोडून. ते खाटेवर बसून आंबे निवडत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरगी कशी हाय?" मी म्हणालो, बरी आहे. "मग तिला नवीन लिंग देऊ. घेऊन या निवांत. आजाऱ्याला न् लेकराला नेम नसतो, कोन येड्यानं सांगितलं तिला?" मी म्हणालो, "मी." त्यांनी हातातला आंबा खाली ठेवला. मग म्हणाले, "अन् तू जेवला का?"

अक्का, मी जेवलो नाही. शुक्रवारी लिहिलं ते खोटं होतं, तेवढं एक खोटं होतं. बुधवारपासून पाणी, चहा आणि ताक, एवढंच. तिला मी सांगितलं की रिकाम्या डबीने घास गिळायचा नसतो, आणि आता रिकामी डबी माझ्या गळ्यात आहे. आईने काल ताट समोर आपटलं. "आरं, चार दिस झाले, भाकर तशीच! कोनाच्या प्रेमात पडलास का काय?" मी हसलो. स्वामींनी तर एक आंबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हितंच खा, माझ्यासमोर." मी चावा घेतला. तो घशाखाली जाईना, अक्का. स्वामी सांगतात पाप नाही, डोक्याला ते पटतं, आणि गळा बंद होतो. बाहेर येऊन मी तो नालीत थुंकला.

तेव्हा मला कळलं, निलूचं काय होत असेल. मी पंचवीस वर्षांचा, मला स्वामींनी सांगूनही गिळता येत नाही. तिला आपण नुसतं सांगून काय होणार? तू उद्या डबी उघडलीस, तिने ते मोठं लिंग पाहिलं, की तिला कळेल मामाने फसवलं. मग ती म्हणेल, बुधवारपासून मी पाप खाल्लं. आणि उद्या सकाळी सुई तर द्यावीच लागणार.

मी एवढंच ठरवलं आहे. उद्या सकाळी साडेसहाच्या गाडीने मी येतो. आठला तुझ्या दारात असेन. दाजींना अव्वांना घेऊन निघू देऊ नको. त्यांना हे पत्र आधीच वाचायला दे, मग त्यांना मला जे सुनवायचं असेल ते दारातच सुनवू दे. मारलं तरी चालेल. पण मग आत येऊ दे. अव्वांच्या पाया मी निलूच्या देखत पडेन आणि ते वाक्य कुणाचं होतं ते मोठ्याने सांगेन.

मग निलूला माझ्यासमोर बसव. सुई आधी देऊ नको. पहिला घास पोटात गेल्यावर दे. मी माझी रिकामी डबी तिच्या हातात देईन आणि दोरा सोडून तिच्या डबीत काय आहे तेही दाखवीन. तिला राग आला तर येऊ दे. मग दशमीचा एक घास घेईन आणि तिच्यासमोर खाईन. माझा गळा मोकळा आहे हे तिला दिसेल. तिने बघायला पाहिजे की मामाने लिंगाशिवाय घास गिळला आणि मामाला काही झालं नाही.

तिथेही गिळता आला नाही तर, याची मला या क्षणी सगळ्यात जास्त भीती वाटते. दाजींपेक्षाही. मी आज सकाळपासून आरशासमोर तीनदा खाऊन पाहिलं, भाकरीचा तुकडा जिभेवरच राहतो. पण आरशात मला माझंच तोंड दिसतं. उद्या समोर निलू असेल, आणि ती माझ्या गळ्याकडे बघत असेल. मी गिळला तर ती गिळेल. म्हणून मला गिळावाच लागेल.

हरिओमची गाडी तीनला सुटते, म्हणून इथे थांबतो. एरवी तीनदा वाचून देतो, हे पत्र एकदाच वाचलं आहे. चुका असतील तर असू दे.

दशम्या जरा जास्त कर. कड काळी होऊ देऊ नको. अव्वांना चटणी वाटायला सांग. डबीचा दोरा मी बांधला आहे, मीच येऊन सोडतो.

बुधवारपासून उपाशी,
तुझा भीमा